लागणे आणि लावणे : चित्रपटगृहाचा ऱ्हास व ‘सामाजिक’ ही संकल्पना

चित्रपटगृह बंद पडल्याच्या वार्तेला आता वार्तामूल्य फारसे उरलेले नाही. पुण्यात १९३४ पासून ‘प्रभात’ या नावाने चाललेले चित्रपटगृह २०१४ मध्ये मूळ मालकांकडे परत गेले आणि ते नाव दर्शनी पाटीवरून उतरले. त्याच वर्षी मुंबईत ‘न्यू एम्पायर’ बंद झाले. दादरच्या ‘चित्रा’मध्ये अखेरचा खेळ मे २०१९ मध्ये झाला. ‘इरॉस’ काही वर्षे बंद राहून २०२४ मध्ये उघडले, पण आतून सर्वस्वी निराळे होऊन. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर तर महाराष्ट्रातील चित्रपटगृहे, मधले काही महिने निम्म्या आसनसंख्येने चालली तेवढा काळ सोडला, तर २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच होती. आणि त्या अवधीत घराघरांतील पडदा रुंद झाला, ध्वनी सुधारला, वर्गणी भरून चित्रपट मागवण्याची सवय अंगवळणी पडली. अशा प्रत्येक प्रसंगी मराठीत दोन प्रकारचे लेखन होते. एक स्मरणरंजनाचे : बाल्कनीचे तिकीट, मध्यंतरातले बटाटेवडे, दाराशी उभा राहून तिकिटे काळ्या बाजारात विकणारा इसम. दुसरे अर्थकारणाचे : जागेचे भाव, करमणूक कर, भोगवट्याच्या अटी. दोन्ही आपापल्या परीने आवश्यक आहेत. मात्र दोहोंच्या तळाशी एकच गृहीत असते, ते असे की चित्रपट तोच आहे, तो पाहण्याचे स्थळ तेवढे बदलले आहे.

साहित्यविचाराच्या अभ्यासकाला हे गृहीत अस्वस्थ करावयास हवे. संहिता वाचकाविना पूर्ण होत नाही, हे गेल्या अर्धशतकात याउस, इझर प्रभृतींच्या अभिग्रहण-सिद्धांतामुळे आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही रूढ झाले. तथापि या सिद्धांतातील वाचक हा बहुधा अशरीर राहिला. इझरच्या अभिप्रेत वाचकाला बसण्यास खुर्ची लागत नाही आणि त्याच्या शेजारी कोणी शिंकत नाही. कादंबरीच्या बाबतीत ही अमूर्तता खपून जाते. ज्या कलेचे ग्रहण सुमारे शंभर वर्षे अंधारात, अपरिचितांच्या सान्निध्यात, नियत वेळी होत आले, तिच्या बाबतीत मात्र ती खपणारी नाही. घरबसल्या पाहण्याची साधने सुधारत गेली तेव्हा नेमके काय सुधारले आणि काय निसटले, याचा निर्णय करण्यासाठी प्रेक्षकाची अधिक मूर्त संकल्पना लागते. ती परभृत असण्याची गरज नाही.

प्रारंभ भाषेपासूनच करता येईल. मराठीत चित्रपटगृहात चित्रपट ‘लागतो’. “भारतमाताला कोणता सिनेमा लागलाय?” हा प्रश्न लालबाग-परळच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. घरी मात्र चित्रपट ‘लावला’ जातो. ‘लागणे’ हे अकर्मक क्रियापद आहे आणि त्याची संगत पाहण्यासारखी आहे : ऊन लागते, भूक लागते, ग्रहण लागते, समाधी लागते. कर्त्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या, त्याला येऊन भिडणाऱ्या घटितांचे हे क्रियापद आहे. ‘लावणे’ हे त्याचे सकर्मक रूप. तेथे लावणारा कर्ता असतो, त्याच्या हाती काही साधन असते आणि लावलेले काढण्याचा अधिकारही त्यालाच असतो. तीच गोष्ट विभक्तीची. मराठी माणूस सिनेमा ‘पाहतो’ हे खरे, पण तो सिनेमा‘ला’ जातो. जसा लग्नाला जातो, जत्रेला जातो, कीर्तनाला जातो. ही चतुर्थी प्रसंगाची आहे, वस्तूची नाही. शिवाय प्रत्येक प्रदर्शनाला मराठीने ‘खेळ’ हा शब्द वापरला : तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. तोच शब्द कळसूत्री बाहुल्यांना आणि डोंबाऱ्याला. पडद्यावरची प्रतिमा यंत्रनिर्मित व प्रत्येक वेळी तीच असली तरी तिचे दाखवले जाणे ही एक घटना आहे, तिला वेळ आहे आणि जमाव आहे, ही जाणीव या शब्दात शाबूत राहिली आहे. घरच्या पडद्यावर खेळ होत नाही. तेथे चित्रपट ‘असतो’, फडताळात पुस्तक असावे तसा.

हा भेद चित्रपटगृह आणि घर यांच्यामधला आहे, अशी समजूत मात्र घाईची ठरेल. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ दाखवले जाई. तेही ‘लागत’ असे. संच लावला जाई, मालिका लागे. ज्या चाळीत वा वाड्यात एकदोघांकडेच संच होता, तेथे त्या घराची बैठकीची खोली तासाभरापुरती मंडप होई आणि उंबरठ्यापर्यंत माणसे बसत. म्हणजे घरातील पाहणे आरंभी एकांतिक नव्हते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग आले, मागोमाग व्हिडिओ आला, १९९०-९१ नंतर केबलवाहिन्या आल्या, पुढे तबकड्या आणि २०१६ पासून मागणीबरहुकूम चित्रपट पुरवणारे परदेशी मंच. या क्रमात निर्णायक टप्पा शोधायचा तर तो पडद्याच्या आकारात सापडत नाही. नियत वेळ गेली आणि माणशी एक पडदा झाला, तो खरा टप्पा होय. ‘लागणे’ तेव्हा संपले. (आता एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो, त्याला धड लागणेही म्हणता येत नाही आणि लावणेही, या तिसऱ्या अवस्थेला मराठीने अजून क्रियापद दिलेले नाही.)

संस्कृत काव्यशास्त्रात नाट्यप्रेक्षकाला ‘सामाजिक’ म्हटले आहे. ‘सहृदय’ या शब्दाचा मराठी समीक्षेत एवढा बोलबाला झाला की हा दुसरा शब्द मागे पडला. सहृदय हा गुणवाचक शब्द आहे, तो एकट्यालाही लागू होतो. सामाजिक हा मात्र समाजात, म्हणजे जमलेल्या सभेत, बसलेलाच असू शकतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवेचन करताना या जमलेपणाला गौण मानलेले नाही. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाल्याने रसाचा परिपोष अधिकच होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘एकघनता’ हा त्याचा शब्द अर्थवाही आहे. शेजारच्याला होणारी प्रतीती माझ्या प्रतीतीत मिसळते, आणि ही मिसळण रसाच्या बाहेरची बाब नसून त्याच्या पोषणाचे कारण आहे. ‘तंत्रालोका’तही नृत्यगीतादींच्या मेळाव्याच्या संदर्भात तो हेच तत्त्व मांडतो आणि तन्मय न होणारा एखादा जण या एकरूपतेला बाधा आणतो, हेही नोंदवतो.

भरताचे ‘नाट्यशास्त्र’ याहून व्यवहारी आहे. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना तो मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे दोन प्रकार करतो. स्मित, मोठे हास्य, साधुवाद, आश्चर्याचे उद्गार, करुण प्रसंगी हळहळ, सभेत उठणारा गजर ही पहिल्याची अंगे. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या देणे ही दुसऱ्याची. प्रेक्षकांचा गलबला हा भरताच्या दृष्टीने प्रयोगाला मिळालेला कौल आहे, प्रयोगाचाच एक घटक आहे. पिटातल्या शिट्ट्या आणि पडद्यावर उधळलेली चिल्लर यांकडे नाके मुरडणाऱ्या मराठी चित्रपटसमीक्षेने हा अध्याय उघडून पाहिल्याचे दिसत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. नाट्यप्रयोगात प्रेक्षकाचा साधुवाद नटापर्यंत पोहोचतो आणि प्रयोग घडवतो. चित्रपटातला नट तेथे नसतोच. शिट्टी पडद्याच्या दिशेने वाजते, पण पडदा बहिरा असतो. ती ऐकतात ते शेजारचे. म्हणजे चित्रपटगृहातील सर्व वाङ्मयी आणि शारीरी सिद्धी वरकरणी चित्रपटाला उद्देशून असली तरी वस्तुतः तिची देवघेव सामाजिकांमध्येच चाललेली असते. नाटकात प्रेक्षक नटाला घडवतात. चित्रपटात प्रेक्षक प्रेक्षकांना घडवतात. म्हणूनच चित्रपट घरी आल्याने जे वजा होते ते नाटक ध्वनिमुद्रित होऊन घरी आल्याने जे वजा होते त्याहून वेगळे असते. नाटकातून नट जातो. चित्रपटातून, प्रतिमेचा एकही बिंदू न हरवता, सभा जाते. प्रतिमा अबाधित असल्याने हानी झाली आहे याची खूणही राहत नाही.

अभिनवगुप्ताच्या सप्तविघ्नांकडे या दृष्टीने पाहिले की ‘सुधारणा’ या शब्दाची मर्यादा स्पष्ट होते. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने तो सांगतो. त्यांपैकी प्रतीतीच्या साधनांची विकलता आणि प्रतीतीत स्फुटत्वाचा अभाव ही दोन विघ्ने आधुनिक अर्थाने तांत्रिक आहेत. दृश्य नीट दिसत नाही, शब्द नीट ऐकू येत नाही, तेथे रस कोठून येणार? जुन्या एकपडदा चित्रपटगृहांत ही विघ्ने विपुल होती, हे स्मरणरंजनाच्या भरात विसरले जाते. फाटका पडदा, मळलेली प्रत, मध्येच तुटणारी फीत, ध्वनिक्षेपकांची घरघर, आणि वेळ वाचवण्यासाठी चालकाने गाळलेले रीळ. घरच्या साधनांनी ही दोन विघ्ने जवळजवळ नाहीशी केली. गेल्या दोन दशकांत चित्रपटगृहांतही फीत जाऊन अंकीय प्रक्षेपण आले, तेव्हा तर दोन्हीकडची प्रतिमा मूलतः एकाच जातीची झाली. घरबसल्या पाहणे सुधारले असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा मोजमाप होते ते एवढ्या दोन विघ्नांचे.

तिसरे विघ्न मात्र मापात येत नाही. त्याला अभिनवगुप्त निजसुखादिविवशीभाव म्हणतो : प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने इतका ग्रासलेला असणे की अन्य कशात त्याचे चित्त विसावू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून तो वाद्ये, गान, मंडपाची विचित्र शोभा इत्यादींचा उल्लेख करतो. मंडप हा येथे निवारा नाही. घरून आलेल्या माणसाला घरातून सोडवणारी ती यंत्रणा आहे. रांगेत उभे राहणे, दाराशी तिकीट फाडले जाणे, विजेऱ्यांच्या उजेडात जागा सापडणे, दिवे मंदावणे, हा चित्रपटगृहाचा पूर्वरंगच होता. स्वतःच्या देशकालातून बाहेर पडण्यास पूर्वरंग लागतो, हे दुसऱ्या विघ्नाच्या परिहारात अभिनवगुप्ताने सांगितले आहेच. घर कितीही सुसज्ज केले तरी ते निजसुखादींचेच स्थान राहते. कुकरच्या शिट्ट्या, दाराची घंटा, हाती असलेल्या फोनवरचा निरोप. रोलाँ बार्थने १९७५ मधील एका छोट्या निबंधात दूरचित्रवाणीविषयी हेच सुचवले होते : तेथे अंधार नाही, अनामिकता नाही, खोली ओळखीची आहे, आणि पाहणारा पुन्हा कुटुंबाच्या स्वाधीन आहे. पुढे १९८२ मध्ये जॉन एलिसने चित्रपटगृहातील टक लावून पाहणे आणि दूरचित्रवाणीकडे नजर टाकणे असा भेद केला. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्याशी या दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता, पण ते तिघे एकाच मंडपाविषयी बोलत आहेत.

वाल्टर बेंजामिनचे नाव या चर्चेत हमखास येते आणि बहुधा चुकीच्या बाजूने येते. चित्रपटगृहाचे तेजोवलय हरपले, असे म्हणताना त्याचा दाखला दिला जातो. परंतु १९३० च्या दशकातील त्याच्या त्या निबंधात तेजोवलय नष्ट करणारी कला म्हणून ज्याचे स्वागत आहे तो चित्रपटच होय. समोर उभ्या कलाकृतीत बुडून जाणारा एकटा भक्त आणि विक्षिप्त चित्ताने कलेला स्वतःत सामावून घेणारा समूह यांत बेंजामिनचा कल समूहाकडे होता. विक्षेप हा शब्द त्याने गौरवाने वापरला. आज घरी एका हातात फोन धरून चित्रपट पाहणारा माणूस विक्षिप्तचित्त आहे, पण समूह नाही. बेंजामिनला ज्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या होत्या त्या विलग झाल्या आहेत. सुसान सोन्टॅगने १९९६ मध्ये चित्रपटाच्या अवनतीवर लिहिताना चित्रपटाकडून पळवले जाण्याच्या ज्या ओढीबद्दल शोक केला, तीही समूहाची भाषा नव्हे. ती रसिकाची, किंबहुना प्रेमिकाची भाषा आहे. मराठीत चित्रपटगृहाबद्दल हळवे होणाऱ्यांनी आपण यांपैकी कोणत्या वियोगाने हळवे होत आहोत ते एकदा ठरवलेले बरे.

कारण मंडपात कोण होते, हा प्रश्न टाळता येत नाही. नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्माण झालेला पाचवा वेद, असे भरत पहिल्याच अध्यायात सांगतो. अभिनवगुप्ताचा सामाजिक मात्र काव्यानुशीलनाने मन आरशासारखे निर्मळ झालेला, म्हणजे वेचलेलाच असतो. चित्रपटगृह यांपैकी भरताच्या अधिक जवळचे. पैसे मोजले की आत प्रवेश, ही सोय आपल्या समाजात क्षुल्लक नव्हती. पिटात शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची रीत नव्हती आणि अंधारात ते दिसतही नव्हते. आसनांची विभागणी पैशाने होती, जातीने नव्हती. पण हा सर्वसमावेशकपणा पुरुषी होता. रात्री नऊच्या खेळाला स्त्री एकटी जाऊ शकत नव्हती, पिटात तर नव्हतीच. लहान मूल असलेली आई, वृद्ध, अपंग, तालुक्याच्या गावापासून शेवटची एसटी चुकली की घरी पोहोचू न शकणारा, हे सगळे त्या एकघनतेच्या बाहेर होते. त्यांना चित्रपट दिला तो घरातल्या पडद्यानेच. तसेच अभ्यासकाचेही आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आणि प्रभात चित्र मंडळासारख्या संस्था त्या दशकाच्या अखेरीपासून कार्यरत असल्या, तरी परभणीच्या वा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला एखादे दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहता आले ते तबकड्या स्वस्त झाल्यावर. लॉरा मल्व्हीने २००६ मध्ये अशा थांबवून पाहणाऱ्या प्रेक्षकाला चिंतनशील म्हटले आणि त्याच दमात त्याच्यात एक मालकी गाजवणारा प्रेक्षकही दडलेला दाखवला. मौखिक ओवी ग्रंथात उतरली तेव्हाही असेच झाले असणार. अभंगाचा पाठभेद तपासणारा अभ्यासक आणि टाळांच्या गजरात तो गाणारा वारकरी यांतील एकाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. फक्त एकाचा अनुभव दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

बहुपडदा चित्रपटगृहांचा उल्लेख थोडक्यात पुरे. १९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागात पहिले उभे राहिले, पाठोपाठ महाराष्ट्रातही आले. घरच्या पडद्याला उत्तर म्हणून ती सांगितली गेली. वस्तुतः त्यांनी चित्रपटगृहालाच घरासारखे केले. हजाराची सभा दोन-तीनशेच्या खोल्यांत वाटली गेली, खुर्ची पलंगासारखी झाली, पिट नाहीसा झाला. दरानेच प्रेक्षक वेचले गेल्याने आत एकजिनसीपणा आला. एकघनता आणि एकजिनसीपणा यांत महदंतर आहे. भिन्न माणसे काही काळ एका प्रतीतीत येणे ही पहिली, आणि दाराशीच सारखी माणसे निवडून घेणे हा दुसरा. मराठी चित्रपटाला या खोल्यांत सायंकाळचा खेळ मिळावा म्हणून २०१५ मध्ये राज्य शासनाला हस्तक्षेप करावा लागला, यावरून खेळाची वेळ हीसुद्धा कशी सत्तेची बाब आहे ते दिसते. मंचांच्या जगात हा वाद संपला, कारण तेथे वेळच नाही. तेथे मराठी चित्रपट सदैव उपलब्ध असतो आणि तो कोठे आहे हे कोणाला माहीत नसते.

या सगळ्याचा कलाकृतीच्या अर्थाशी काय संबंध, असा आक्षेप येईल. तो दोन चित्रपटांच्या आधारे तपासता येतो.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तिकीटविक्रीत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. लहान गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले आणि ‘झिंगाट’ सुरू होताच लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचू लागले. या नाचाकडे बाजारी उन्माद म्हणून पाहिले गेले. भरताच्या भाषेत हे अभ्युत्थान आहे. पण महत्त्वाचे आहे ते चित्रपटाने त्याचा केलेला उपयोग. पूर्वार्धातील गाणी, घोडदौडी, विहिरीतल्या उड्या यांनी चित्रपटगृहातील विजातीय जमाव एक होतो. पाटलाच्या मुलीच्या आणि मासेमाराच्या मुलाच्या प्रेमाला अशी माणसे शिट्ट्या देतात, ज्यांतील कित्येकांनी आपल्या घरात ते प्रेम चालू दिले नसते. ही एकघनता दिग्दर्शक अडीच तास जोपासतो. आणि शेवटी हैदराबादच्या त्या छोट्या घरात, शेजारणीकडून परतलेले मूल रक्तात पाय भरवून बाहेर पडते तेव्हा तो ध्वनीच काढून घेतो. मूल रडते, आवाज नाही.

त्या निःशब्दतेचा अर्थ पूर्वीच्या गोंगाटावाचून लागत नाही. चित्रपटगृहात ती निःशब्दता पडद्याची नसते, जमावाची असते. मघाशी नाचलेले सहाशे लोक आता एकमेकांचे गप्प राहणे ऐकतात. सामाजिकाला या क्षणी शेजाऱ्याविषयी शंका येते आणि स्वतःविषयीही : या जमावात मी कोणाच्या बाजूचा? चित्रपटाने उभारलेली एकघनता चित्रपटानेच फोडलेली असते. घरी हा शेवट पाहिला तर ध्वनी गेल्यावर ऐकू येतो पंख्याचा आवाज, नाहीतर खालच्या रस्त्यावरची वाहतूक. दृश्य तेवढेच भीषण राहते. प्रेक्षकाला दुःख होते, क्वचित अधिकही होते. मात्र आरोप पोहोचत नाही. जी सभा आरोपी होती तीच उपस्थित नाही. मध्यंतराचेही तसेच. ललिता गोपालन यांनी भारतीय चित्रपटातील खंडितता ही त्याची रचनाच आहे असे २००२ मध्ये दाखवून दिले. मध्यंतर सर्वांचे एकाच वेळी होते आणि त्यात काय घडणार याची चर्चा चहाच्या गाड्यापाशी होते. घरी प्रत्येकाचे विराम आपापल्या सोयीचे असतात. रचनेतील सांधा तेथे रिकामाच राहतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ची गोष्ट उलटी, आणि सिद्धांताला अधिक अडचणीची. २०२० च्या व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवणारा हा मराठी चित्रपट आपल्याकडे नेहमीच्या अर्थाने कधी लागलाच नाही. ३० एप्रिल २०२१ रोजी तो थेट नेटफ्लिक्सवर आला. हिंदुस्थानी संगीतात निष्ठेने आयुष्य घालवणारा, पण प्रतिभेने हुलकावणी दिलेला शरद नेरुळकर हा त्याचा नायक. गुरूंच्या गुरू ‘माई’ यांचे गायन ध्वनिमुद्रित झालेले नाही. उरली आहेत ती त्यांची मुद्रित व्याख्याने. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत शरद दुचाकीवरून संथ गतीने जातो आणि कानात माईंचा आवाज चालू असतो (तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा). उपजीविकेसाठी तो जुनी, विस्मृत ध्वनिमुद्रणे नव्या माध्यमात आणण्याचे काम करतो. घरी दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत एका मुलीचे झपाट्याने बदलत जाणे पाहतो. स्वतःच्या गायनाच्या चित्रफितीखाली अनोळखी लोकांनी लिहिलेले शेरे वाचतो. म्हणजे सभा आणि यंत्र, समोरचे गाणे आणि घरी पोहोचलेले गाणे, हाच या चित्रपटाचा विषय आहे. तो घरी पोहोचला हा योगायोग असला, तरी विषयाशी त्याचे नाते जडते.

वर मांडलेल्या विचारानुसार या चित्रपटाची घरी हानीच व्हावयास हवी. ती एका अंगाने होते. मैफलीची दृश्ये ताम्हाणे दुरून, न हलणाऱ्या चौकटीत घेतात. गायक, साथीदार आणि विरळ श्रोते एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. मोठ्या पडद्यासमोर, रांगांत बसून हे पाहिले तर पडद्यावरच्या रांगांना चित्रपटगृहातील रांगा जोडल्या जातात, आणि शरदची तान फसते तेव्हा तिचा संकोच सभेत पसरतो. त्याला साधुवाद मिळत नाही, ही सिद्धीची अनुपस्थिती सभेत बसूनच कळते. घरच्या पडद्यावर ही दृश्ये लांबलेली वाटतात. अनेकांनी ती पुढे सरकवली असतील; तशी कळ हाताशी असतेच. ज्या चित्रपटाचा विषयच पुढे सरकवता न येणारा काळ हा आहे, त्याच्यावर याहून मोठा अन्याय शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या अंगाने मात्र घरातला, कानाला यंत्र लावून एकटा पाहणारा प्रेक्षक या चित्रपटाच्या अशा जवळ जातो की सामाजिकाला तेथे पोहोचता येणार नाही. माईंचा आवाज शरदच्या कानात आणि याच्याही कानात, सारख्याच अंतरावरून येतो. ती व्याख्याने कलेसाठी एकाकीपण मागतात. आणि ऐकणारा एकाकी असतोच, पण कलेमुळे नव्हे. दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचा संग्राहक जेव्हा माईंच्या आणि इतर थोरांच्या भोवतीच्या आख्यायिका शांतपणे उसवू लागतो आणि शरद हातातला पेला त्याच्या अंगावर रिकामा करतो, तेव्हा सभेत कदाचित कोणी हसले असते आणि त्या हसण्याने सर्वांची सुटका झाली असती. एकट्याची ती होत नाही. येथे एकघनतेचा अभाव हा रसविघ्न न ठरता अर्थाचे साधन ठरतो, आणि अभिनवगुप्ताच्या चौकटीला या स्थितीसाठी जागा नाही, हे मान्य करावे लागते. ती चौकट रसविश्रांतीसाठी घडलेली आहे. विश्रांती नाकारणारी कलाकृती तिच्या कक्षेत पुरती येत नाही. आधुनिक कादंबरीच्या एकाकी वाचकाशी या प्रेक्षकाचे नाते अधिक जवळचे आहे, आणि मराठी समीक्षेला त्याची मीमांसा कादंबरीविचाराच्या साहाय्याने नव्याने करावी लागेल.

चित्रपटाच्या शेवटी शरद पत्नी आणि लहान मुलीसह लोकलच्या डब्यात बसलेला आहे. एकतारीवर गाणारा एक भिक्षेकरी डब्यातून पुढे सरकतो. तेथे मंडप नाही, पूर्वरंग नाही, कोणी त्याला बोलावलेले नाही. प्रवासी आपापल्या निजसुखादींत आहेत. गाणे लावलेले नाही. शरदची नजर काही क्षण त्या गाणाऱ्याच्या मागे जाते.